चौदाव्या पानावरून मी गाळलेली ओळ

अहो,

तुम्ही गेल्याला आज अठरा दिवस झाले आणि मला अजून तुमच्यासाठी नीट रडता आलेलं नाही. मी घाबरलेली आहे. लोक येतात, माझा हात हातात घेतात, त्यांना वाटतं हे दुःख आहे. मीही त्यांना तसंच वाटू देते.

हे मी मराठीत लिहिते आहे. मुक्ता आणि नील या आपल्या नातवंडांना वाचायला वेळ लागेल, अक्षरं जुळवत वाचावं लागेल. लागू दे. भराभर वाचल्यानं काय होतं ते मी परवा रविवारी पाहिलं.

मुलांना तुमचा चेहरा आठवत असेल. मला मात्र तुमचे पाय आठवतात. पडेगावच्या या अंगणात, जीपखालून बाहेर आलेले, टाचांना भेगा पडलेले दोन पाय. सुटीचा दिवस उजाडला की तुम्ही पोत्याचा तुकडा अंथरायचे आणि आत सरकायचे. वर दीड टन लोखंड, खाली तुम्ही, आणि मधे जीप तोलून धरणाऱ्या त्या दोन लोखंडी घोड्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर पाच मिनिटांनी ओरडायचे, "अहो, आहात ना?"

"हाय गं. जाऊ कुठं?"

"नीट टेकलीय ना?"

"तुझ्या शाळेपेक्षा नीट टेकलीय. तू पोळ्या बघ, हेडबाई."

पोळ्या करपायच्या, कारण माझं लक्ष पायांवर असायचं. पाय हलले की मी श्वास सोडायचे. आपल्या संसारातला किती वेळ मी असा श्वास धरून काढला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही हसला असता. आणि शेवटी तुम्ही गेलात ते पडवीतल्या खुर्चीत, सकाळी अकराला, मोसंबी सोलता सोलता. जीप समोर चारही चाकांवर निमूट उभी होती. मी उगाच तिला घाबरत आले, असं मला परवापर्यंत वाटलं.

ते खरं नव्हतं. घाबरायला कारण होतं, फक्त ते जीपमध्ये नव्हतं. ते माझ्या लाल पेन्सिलीत होतं.

मुक्ता कॅनडाला गेली आणि तिनं तिथल्या बर्फासाठी म्हणून ती जुनी गाडी घेतली, तेव्हापासून तुम्ही दहा वर्षांनी तरुण झाला होता. "चारी चाकं ओढती तिची," असं तुम्ही भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं. दर रविवारी सकाळी तिचा फोन. ती बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरायची आणि तुम्ही डोळे मिटून गाणं ऐकावं तसं ऐकायचे. मग परीक्षा घ्यायचे.

"मागच्या ॲक्सलच्या डब्यातलं ऑइल बदलायचंय. दोन बूच हायेत, एक वर, एक खाली. आधी कुठलं खोलशील?"

"खालचं. जुनं ऑइल काढायला."

"झालं! खालचं खोललं, ऑइल सांडलं, आणि वरचं बूच गंजून बसलंय, निघंना. आता नवं कुठून घालशील? नाकातून?"

"आजोबा!"

"आधी वरचं. ते निघालं तरच खालचं. भरायची वाट मोकळी असल्याशिवाय रिकामं करायचं नाय. लिही."

ती लिहायची नाही. म्हणून मग मला लिहावं लागलं.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही रोज दुपारी सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. तुम्ही मराठीत सांगणार, मी इंग्रजीत उतरवणार, मग टंकून पक्की प्रत काढणार. बेचाळीस पानं झाली. प्रत्येक कामाला एक पान, प्रत्येक पायरीला क्रमांक. टायरच्या पानासाठी तुम्ही माझी शिवणाची टेप घेऊन चारही चाकांचे घेर मोजलेत आणि टेप काळी केलीत. मी चिडले, तर म्हणालात, "चौघं खांदा देतात ना, त्यात एक बुटका असला तर बाकीच्या तिघांचे हाल. चाकांचं तसंच. चारी सारख्या उंचीची पाहिजेत. बदलायची तर चारी बदलायची."

"चांगलं उदाहरण सुचत नाही का हो तुम्हाला?"

"हे विसरणार नाय कुणी."

खरंच कुणी विसरलं नाही. तुम्हाला फाटकापर्यंत न्यायचं होतं तेव्हा आपला लेक श्रीरंग उंच, बाकीचे तिघे खुजे. तुमचे गॅरेजवाले दोस्त रशीदभाई, त्यांनी हे पाहिलं, आपल्या खांद्यावर गमछ्याची चौपदरी घडी ठेवली आणि श्रीरंगला म्हणाले, "बेटा, तू घुटने थोडे मोड. साहब को लेव्हल में चलना पसंद था." त्या घटकेला मी हसले. माणसांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना काय सांगणार होते?

आता ती ओळ. मुलांनो, इथे सावकाश वाचा.

आपल्या जीपला दोन दांडे आहेत. मोठा गिअरचा. त्याच्या शेजारी एक छोटा, तो ठरवतो की ताकद मागच्या दोन चाकांना जाणार की चारही चाकांना. मागची चाकं उचलून, घोड्यांवर ठेवून, इंजिन चालू करून ती फिरवायची आणि आवाज कुठून येतो ते ऐकायचं, हे तुमचं आवडतं काम. ते पान चौदा. पण त्याआधी छोटा दांडा बघायचा. तो चुकून चारही चाकांवर असला, तर मागची चाकं हवेत फिरतात आणि पुढची जमिनीवर असतात, ती गाडी ओढतात. गाडी घोड्यांवरून उडी मारून खाली येते. शेजारी जो असेल त्याच्यावर येते.

"छोटा दांडा दोन चाकांवर आहे ना, ते हातानं बघ," हे वाक्य तुम्ही प्रत्येक पानाच्या सुरुवातीला सांगायचे. ब्रेकच्या पानावर, बेअरिंगच्या, सायलेन्सरच्यासुद्धा. मी पंचवीस वर्षं मुलींच्या निबंधांतली पुनरुक्ती खोडली होती. तेच वाक्य सारखं सारखं आलं की माझी पेन्सिल आपोआप उठते. मी ते सगळ्या पानांवरून काढलं आणि पहिल्या पानावर 'सर्वसाधारण सूचना' या मथळ्याखाली एकदाच, चौकटीत, ठळक अक्षरांत घातलं.

तुम्ही भांडलात. इतकं की चहा थंड झाला.

"अगं, गाडीखाली शिरलेला माणूस पहिलं पान वाचायला परत येत नसतो."

"मग त्यानं आधी वाचावं. पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात."

"हे पुस्तक नाय. ह्याला ग्रीसचे हात लागणार. ज्या कामाला जे पान, तेवढंच फाडून नेणार मिस्त्री."

"माझ्या नातवंडांना फाडायला शिकवू नका."

"तुझं इंग्रजी लई सोवळं, बाई. त्याला एक ओळ दोनदा शिवली की विटाळ होतो."

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी पान चौदा वाचून दाखवलं, ओळ नसलेलं. तुम्ही ऐकलंत आणि पानाच्या कोपऱ्यात सही केलीत. का केलीत? तुम्हाला अलीकडे डाव्या कानानं कमी यायचं. मी डावीकडे बसले होते का? की ऐकूनही, जाऊ दे, हिच्याशी कोण वाद घालणार, असं म्हणून केलीत? हे विचारायचं राहिलं. पक्की प्रत मुक्ताला गेली. उन्हाळा गेला, पाऊस गेला, वाटलं, भांडण संपलंय, मी जिंकलेय.

परवा रविवारी सकाळी सात-सव्वासातला मी माझा फोन उघडला. श्रीरंग तेरावं करून, चार दिवस माझ्याजवळ राहून शनिवारी रात्रीच्या विमानाला निघाला होता, त्याचा निरोप बघावा म्हणून. त्याचा नव्हता, मुक्ताचा होता. तिला तुमच्या वेळी येता आलं नव्हतं, त्याचं तिला फार लागलंय. तिनं फोटो पाठवला होता. घरमालकाचं गॅरेज, तिची निळी गाडी, मागची दोन्ही चाकं वर, खाली घोड्या. भिंतीवर चिकटपट्टीनं लावलेला एकच कागद. खाली लिहिलं होतं: 'आजी, मागून आवाज येतोय. आज आजोबांचं पान चौदा करते. त्यांच्यासाठी.'

आधी मला बरं वाटलं, हे कबूल करते. माझं टंकलेखन, माझे समास, इतक्या दूरच्या भिंतीवर. मी भिंग घेऊन ते पान बघू लागले. एक, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. दोन, मागची बाजू उचला. तीन, घोड्या लावा. चार, हँडब्रेक सोडा. पाच, इंजिन सुरू करून पहिला गिअर टाका व चाके सावकाश फिरू द्या.

पहिल्या पायरीच्या वर तुमची ओळ असायला हवी होती. तिथे स्वच्छ, सरळ, कोरी जागा होती.

निरोप येऊन पस्तीस मिनिटं झाली होती.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. श्रीरंगला लावला, तो कुठल्याशा समुद्रावर, फोन बंद. मग मुकुंदवाडीला रशीदभाईंना लावला. ते गॅरेज उघडतच होते, शटरचा आवाज आला.

"रशीदभाई, मुक्तानं गाडी मागून उचललीय. छोटा दांडा बघायचं मी त्या पानावर लिहिलंच नाही."

"रुको भाभी. कौनसी गाडी? वो बर्फवाली?"

"हो. चार चाकं ओढणारी."

शटरचा आवाज अर्ध्यावर थांबला. रशीदभाई कधी हळू बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मग हळू आवाजात म्हणाले, "भाभी, उस गाडी में छोटा लिव्हर हैच नहीं. वो चारों चक्के खुद से खींचती, हमेशा. पीछे के उठाके गिअर डाला तो आगे के भागेंगे. लिव्हर का सवालच नहीं. वो टेस्ट उस गाडी में करनाच नक्को."

म्हणजे तुमची ओळ असती तरी ती पुरी पडली नसती? की असती तर तिनं दांडा शोधला असता, तो सापडला नसता आणि ती थांबली असती? मी त्या क्षणी उभी होते तिथेच, पडवीत, तुमच्या खुर्चीला धरून. मला वाटलं, तुमच्यामागोमाग मी तिलाही पाठवते आहे. माझ्या हातानं, माझ्या सुवाच्य अक्षरांत.

"आप फोन लगाते रहो," रशीदभाई म्हणाले, "मैं लाइन पे है. काटना नक्को."

लाइन न कापता दुसरा फोन कसा लावायचा ते मला येत नव्हतं. तुम्हाला येत होतं.

आणि आत तुमचा फोन वाजला.

तो मी बंद केलेला नाही. गॅस सिलिंडरचा आणि बँकेचा निरोप त्याच नंबरवर येतो, म्हणून रोज संध्याकाळी माझ्याबरोबर त्यालाही चार्जिंगला लावते. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर तो थरथरत होता आणि पडद्यावर मुक्ताचं नाव होतं. मी उचलला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती बोलायला लागली, मागे इंजिनाची घरघर.

"आजोबा, पान चौदा, पायरी पाच. फर्स्ट गिअर म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये डी ना हो?"

मग ती थांबली. काय केलं ते तिच्या लक्षात आलं. दर रविवारी बोट ज्या नावावर पडायचं, त्याच नावावर पडलं होतं.

"आजी," ती म्हणाली. "आजी, सॉरी. मला..."

"किल्ली काढ," मी म्हणाले. वर्गात कधी लावला नसेल असा आवाज माझा लागला. "गिअरला हात लावू नकोस. किल्ली फिरव, काढ, गाडीपासून लांब हो. आधी हे. रडायचं नंतर."

माझ्या डाव्या हातातल्या फोनमधून रशीदभाई ओरडत होते, "बेटा, चाबी! पैले चाबी निकाल!" उजव्या हातातल्या फोनमधून इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. मी खाली बसले. दोन्ही कानांना दोन फोन, मध्ये मी, आणि एकाही बाजूला तुम्ही नाही.

रशीदभाईंनी तिला एकेक पायरी सांगून गाडी खाली उतरवायला लावली. दोन फोन समोरासमोर धरून मी मधे बसले होते. चारही चाकं टेकल्यावर त्यांनी विचारलं, "टायर कब बदले, बेटा?"

"मागचे दोन. मागच्या महिन्यात. पुढचे अजून चांगले होते, म्हणून..."

"लो! बीमारी मिल गई. साहब ने क्या सिखाया था?"

ती लहान मुलीसारखी म्हणाली, "चारी बदलायची."

"तो फिर? दो नये, दो घिसे हुए, गाडी अपने आप से झगड़ रही. तभी आवाज. अब नीचे नहीं घुसना. चारों एक जैसे डलवा, फिर भी आवाज रहा तो दुकान में ले जाना, जहां पूरी गाडी उठती. समझी?"

"हो, चाचा."

म्हणजे त्या गाडीखाली जाण्याची गरजच नव्हती. जीव मुठीत धरून करण्यासारखं काही तिथे नव्हतंच. एक टेप पुरली असती, शिवणाची.

फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि सवयीनं दोन कप केला. तो पिता पिता मला दुसरी गोष्ट आठवली आणि कप हातातून खाली ठेवावा लागला.

तेराव्याला काय द्यायचं यावर आमची चर्चा झाली होती. कुणी स्तोत्रांची पुस्तिका देतं, कुणी तांब्या देतं. मी म्हणाले, तुमच्या आठवणीला तुमचंच काहीतरी द्यावं. आपल्या बेचाळीस पानांच्या झेरॉक्स काढल्या, स्पायरल बांधणी केली, वर तुमचा जीपशेजारचा फोटो. चाळीस प्रती. तुमच्या खात्यातले जुने सहकारी, बिडकीनचे चुलतभाऊ, कॉलनीतले लोक, सगळ्यांनी जेवून जाताना एकेक नेली. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता! चाळीस घरांत मी ते चौदावं पान पोचवलं होतं, तुमच्या सहीसकट. आता कुणी ते वाचून आपल्या गाडीखाली शिरेल तर तो तुमच्यावर विश्वास ठेवून शिरेल.

दोन दिवस मी फोन करते आहे. यादी आहेच, मी यादी केल्याशिवाय काही वाटत नाही. बहुतेक जण हसतात. "वहिनी, आम्हाला पंक्चर काढता येत नाही, गाडीखाली कुठून जाणार?" मी हसत नाही. मी सांगते, पान चौदा काढा, पेन घ्या, मी सांगते ते लिहा: छोटा दांडा हातानं बघा, आणि गाडीला छोटा दांडाच नसेल तर हे काम करू नका. लिहिलं का? वाचून दाखवा. बिडकीनच्या दत्तूभाऊजींनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, "व्हय वहिनी, हे तर दादा रोजच सांगायचे. पानावर नव्हतं म्हणून मला वाटलं, आता नव्या पद्धतीत लागत नसल." त्यांच्याकडे जीप आहे. ते माणूस खाली जाणारं आहे.

माझी शिस्त बघून 'नवी पद्धत' वाटावी, आणि त्या शिस्तीनं त्यांचा जीव जावा. तुमच्याशी भांडून मी हे जिंकले होते.

पानं मी पुन्हा टंकते आहे. जिथे जिथे तुम्ही सांगितलं होतं, तिथे तिथे ती ओळ घालते आहे. खाली माझी भर: मुक्ताच्या गाडीसारख्या गाड्यांसाठी वेगळा मजकूर, रशीदभाईंनी सांगितलेला. हे तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं. उजव्या बाजूला बसून. तुम्ही काहीतरी टोमणा मारला असता आणि मी तो सहन केला असता, शपथ. बाकीच्या एकेचाळीस पानांतही मी काही गाळलं आहे का, हे कोण सांगणार? मी रोज दुपारी ती पानं उघडते आणि प्रत्येक स्वच्छ, नेटक्या जागेची मला भीती वाटते. इथे तुम्ही काही म्हणाला होता का? मी काय खोडलं? तुमचा आवाज आठवतो, पण शब्द आठवत नाहीत.

एकोणचाळीस प्रतींपुढे खूण झाली आहे. चाळिसावी कुणाकडे गेली ते यादीत नाही. श्रीरंग पोचल्यावर त्याला विचारलं. तो म्हणाला, एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते, जेवले नाहीत, तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. प्रत त्यानंच त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पानं चाळली, मग एका पानाशी थांबून दुमड घातली आणि ती बगलेत धरून निघून गेले. कुठलं पान, ते त्याला दिसलं नाही. रशीदभाई त्यांना ओळखत नाहीत. कॉलनीत कुणी ओळखत नाही. बाहेर त्यांची गाडी उभी होती, जुनी, मोठी, अंगभर चिखल उडालेली.

अहो, कोण होते ते? एवढं एकदा सांगा.